ऐकणारीची गोष्ट

आपल्याकडे बाईला श्राविका म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, हे नुसतं मानाचं नाव असेल, जसं अक्का किंवा काकू. पुढं एका चातुर्मासात महाराजांनी प्रवचनात तो शब्द फोडून सांगितला. श्रवण करते ती श्राविका. म्हणजे ऐकणारी. त्या दिवशी घरी येताना माझ्या मनात आलं, मग हे नाव मला अगदी शोभतंय. जन्मभर मी ऐकतच आले आहे. आईचा पदर धरून बस्तीत ऐकलं, लग्नानंतर सासूबाईंच्या मागं बसून ऐकलं, बेळगावात व्याख्यानमाला सुरू झाली की स्वयंपाक लवकर उरकून तिथं जाऊन ऐकलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला आम्ही बायका. बोलणारे बहुतेक वेळा पुरुषच. शेवटी आभार मानायला किंवा पाहुण्यांना हार घालायला तेवढी एखादी बाई वर जायची.

याची मला कधी खंत वाटली नाही, हे खरं सांगते. ऐकण्यात सुख असतं. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत नात आली होती. तिनं टीव्हीवर मला एक जुना कार्यक्रम लावून दाखवला. लंडनमधलं एक सभागृह, पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेलं, अर्धगोल. त्यात दाटीवाटीनं बसलेली मुलं. खाली मधोमध एक बाई उभी. इंजिनियर. ती बोलत होती, हसत होती, तारा जोडत होती, मुलांना खाली बोलावून त्यांच्याकडून प्रयोग करवून घेत होती. एका उंच इमारतीच्या खिडक्यांचे दिवे उघडझाप करून तिनं अख्ख्या इमारतीवर व्हिडिओ गेम खेळून दाखवला! त्या बाईचं नाव डॅनिएल जॉर्ज, साल २०१४. मी बघतच राहिले. नात म्हणाली, "आज्जी, ही व्याख्यानं जवळजवळ दोनशे वर्षं चालू आहेत." मी सहज विचारलं, "तेव्हापासून बायका बोलतात होय गं?" तिनं मोबाइलवर शोधलं. व्याख्यानं सुरू झाली १८२५ साली. पहिली बाई बोलायला उभी राहिली १९९४ साली.

मधली वर्षं किती? १६९.

मैत्रिणींनो, त्या १६९ वर्षांनी माझी झोप उडवली. आणि मग वाचता वाचता कळलं, की या व्याख्यानांच्या मुळाशीच एक बाई आहे. ऐकणारी बाई. तिची गोष्ट आज सांगायची आहे.

लंडनमध्ये अल्बेमार्ल स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथं १७९९ साली रॉयल इन्स्टिट्यूशन ही संस्था निघाली. विज्ञानातले नवे शोध लोकांपर्यंत न्यायचे, ते रोजच्या कामाला कसे लागतील हे दाखवायचं, हा तिचा हेतू. त्यासाठी प्रयोगशाळा बांधली आणि व्याख्यानाचं सभागृह बांधलं. १८०१ साली हम्फ्री डेव्ही नावाचा तरुण रसायनशास्त्रज्ञ तिथं आला. वय वर्षं बावीस. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि टेबलावर धडाधड प्रयोग करून दाखवायची हौस. त्याच्या व्याख्यानांना सगळं उच्चभ्रू लंडन लोटायला लागलं. घोडागाड्यांची एवढी कोंडी व्हायची, की त्या रस्त्यावर गाड्यांनी एकाच दिशेनं जावं असा नियम करावा लागला. लंडनमधला पहिला एकेरी रस्ता तोच, असं सांगतात. या गर्दीत बायका खूप असत. विद्यापीठांची दारं त्यांना बंद होती. इथं मात्र तिकीट काढलं की बसता येत होतं. त्यांची टिंगलही भरपूर झाली. बायकांना यातलं काय कळतंय, नुसत्या डेव्हीला बघायला येतात, असं लोक म्हणत. हे वाचताना मला आपल्याकडचे शेरे आठवले. "प्रवचनाला जातात कशाला, साड्या बघायला." तेच ते.

त्या बायकांमध्ये एक होती जेन मार्सेट. १७६९ सालचा जन्म. वडील मूळचे स्वित्झर्लंडचे, लंडनमध्ये स्थायिक झालेले श्रीमंत व्यापारी. ती पंधरा-सोळा वर्षांची असताना आई गेली आणि मोठ्या घराचा कारभार तिच्या अंगावर पडला. पुढं १७९९ साली तिनं अलेक्झांडर मार्सेट या डॉक्टराशी लग्न केलं. नवऱ्याला रसायनशास्त्राचा नाद होता. दोघं डेव्हीच्या व्याख्यानांना जाऊ लागली.

आता गंमत ऐका. जेनला पहिल्यांदा त्यातलं नीट काही कळेना. प्रयोग भराभर व्हायचे, शब्द नवे, एक समजेपर्यंत दुसरं सुरू. हे तिनं स्वतःच पुढं पुस्तकाच्या प्रस्तावनेत कबूल केलंय. पण ती तिथं थांबली नाही. घरी आल्यावर जाणत्या माणसाशी त्या विषयावर बोलायची, प्रयोग पुन्हा करून बघायची, आणि मग पुढचं व्याख्यान तिला सोपं जायचं. त्यावरून तिच्या लक्षात आलं, की समजायला भाषणापेक्षा संवाद बरा. शंका विचारता आली पाहिजे. आणि दुसरं असं, की जी शंका मला आली, ती सभागृहातल्या कितीतरी बायकांना येत असणार.

मग तिनं पुस्तक लिहिलं. नाव होतं 'कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री', म्हणजे रसायनशास्त्राच्या गप्पा. हे खास करून बायकांसाठी आहे, असं तिनं मुखपृष्ठाच्या आतच छापलं होतं. त्यात तीन पात्रं. एक मिसेस बी. नावाच्या शिक्षिका, आणि एमिली व कॅरोलाइन या दोन मुली. एमिली शांत, अभ्यासू. कॅरोलाइन थोडी चळवळी, तिला कंटाळा पटकन येतो, स्फोट होणार असेल तरच लक्ष देते. मुली विचारतात, मिसेस बी. सांगतात, मग तिघी मिळून प्रयोग करतात. आपल्या घरात दुपारी जेवणं उरकल्यावर चालतात तशा गप्पाच जणू.

पुस्तक १८०५च्या अखेरीस बाहेर आलं. त्यावर लेखिकेचं नाव नव्हतं. बाईमाणसानं असल्या विषयात पडणं लोकांना रुचेल का, ही धास्ती तिनं प्रस्तावनेत बोलूनही दाखवली आहे. पुस्तक मात्र धो धो खपलं. इंग्लंडमध्ये सोळा आवृत्त्या निघाल्या. अमेरिकेत तर ते शाळांमधून लागलं. तिथल्या आवृत्त्यांवर टिपा घालणाऱ्या पुरुषांची नावं ठळक छापली जात आणि जिनं मूळ पुस्तक लिहिलं तिचं नाव नसे. त्यामुळं कित्येकांना ते पुस्तक त्या पुरुषांचंच वाटायचं. तिचं स्वतःचं नाव पुस्तकावर यायला तीसएक वर्षं जावी लागली.

आता गोष्टीतलं दुसरं माणूस. मायकेल फॅरेडे. १७९१ सालचा, लोहाराचा मुलगा. घरची गरिबी. शाळा म्हणजे लिहिता-वाचता येण्यापुरती. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात निरोपे पोचवायला लागला आणि वर्षभरानं तिथंच पुस्तकबांधणी शिकायला राहिला. सात वर्षांची उमेदवारी. दिवसभर पुस्तकं शिवायची, चामड्याची बांधणी करायची, आणि रात्री तीच पुस्तकं वाचायची. मालक भला होता, वाचू द्यायचा. बांधणीला आलेल्या ज्ञानकोशात त्यानं विजेवरचा लेख वाचला. आणि जेन मार्सेटचं पुस्तक वाचलं.

बायकांसाठी लिहिलेलं पुस्तक एका गरीब पोराच्या हाती पडलं. विचार केला तर नवल नाही. बायकांना लॅटिन, गणित शिकवत नसत, म्हणून जेननं ते सगळं टाळून साध्या भाषेत लिहिलं होतं. त्या पोरालाही कुणी लॅटिन आणि गणित शिकवलं नव्हतं. दोघांना एकच दार बंद होतं, म्हणून दोघांना एकच खिडकी उपयोगी पडली. फॅरेडेनं नुसतं वाचलं नाही. खिशाला परवडतील तेवढे प्रयोग स्वतः करून बघितले. पुस्तकात सांगितलेलं खरं निघालं, तेव्हा त्याचा त्या ज्ञानावर विश्वास बसला. म्हातारपणी, १८५८ साली, जेन वारल्यानंतर, त्यानं एका मित्राला लिहिलेल्या पत्रात हे सगळं नमूद केलं आहे. तिला तो आपली पहिली गुरू मानायचा आणि आपले शोधनिबंध तिच्याकडे आठवणीनं पाठवायचा.

१८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं या पोराला डेव्हीच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. सभागृहाच्या वरच्या सज्जात, घड्याळाच्या वर बसून त्यानं ती ऐकली. शब्द न् शब्द टिपला. घरी येऊन सगळं सुवाच्य लिहून काढलं, आकृत्या काढल्या, सुमारे तीनशे पानं झाली. आपल्याच हातानं ती सुरेख बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. मला तुमच्याकडे काम हवं आहे, एवढंच मागणं. जागा लगेच नव्हती. पण १८१३च्या मार्च महिन्यात प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून त्याला घेतलं. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, राहायला माडीवर दोन खोल्या, शिवाय जळण आणि मेणबत्त्या. पुढं याच माणसानं १८३१ साली चुंबकाच्या हालचालीतून वीज काढून दाखवली. आज आपल्या घरात मिक्सर फिरतो, त्याच्यामागं फॅरेडे आहे. आणि तो शोध मग जेन मार्सेटच्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत आला. शिष्याचं काम गुरूनं आपल्या पुस्तकात घेतलं. अशी गोष्ट क्वचितच ऐकायला मिळते.

१८२५ साली फॅरेडे प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. त्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशननं नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं सुरू केली, आणि ती कल्पना फॅरेडेच्या नावानंच ओळखली जाते. मुलांना तेव्हा शाळेत विज्ञान फारसं शिकवत नसत. ज्याला स्वतःला शाळा मिळाली नाही, त्याला हे सुचावं, यात मला काहीतरी खोल वाटतं. पहिली माला दुसऱ्या एका प्राध्यापकांनी दिली. फॅरेडेनं १८२७ ते १८६० या काळात एकूण १९ वेळा दिली. १८५५च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरियाचे पती आपल्या दोन मुलांना घेऊन ऐकायला बसले होते. त्या प्रसंगाचं चित्र आजही आहे. बाकड्यांवर नीट पाहिलं तर बायका आणि मुली दिसतात.

फॅरेडे जन्मजात वक्ता नव्हता, हे मला फार आवडलं. व्याख्यान कसं द्यावं याचा त्यानं अभ्यास केला. दुसऱ्यांची व्याख्यानं ऐकताना काय खटकतं, काय आवडतं, हे तो मित्राला पत्रांतून लिहायचा. एका तासापेक्षा जास्त बोलू नये, लोकांचं लक्ष टिकत नाही. टाळीसाठी हात पसरू नयेत. श्रोत्यांकडे पाठ करू नये. उच्चार सुधारायला त्यानं शिक्षक लावला होता. आणि बोलताना आपली गाडी वेगानं सुटते हे माहीत असल्यामुळं, समोर बसलेल्या मित्राला त्यानं एक कार्ड देऊन ठेवलं होतं. त्यावर लिहिलेलं होतं, 'सावकाश'. वेग वाढला की मित्रानं ते कार्ड वर धरायचं. दुसरं कार्ड होतं 'वेळ'चं. आमच्याकडच्या काही वक्त्यांना हे दुसरं कार्ड कुणीतरी करून द्यायला हवं, असं मला फार वर्षांपासून वाटतं!

त्याची सगळ्यात गाजलेली माला एका मेणबत्तीवर आहे. सहा व्याख्यानं, एकच मेणबत्ती. १८४८ साली त्यानं ती पहिल्यांदा दिली आणि १८६० साली, आयुष्यातल्या शेवटच्या नाताळमालेत, पुन्हा दिली. तिचं पुढं पुस्तक झालं. सुरुवातीला तो मेणबत्त्यांचे प्रकार दाखवतो. चरबीच्या, मधमाश्यांच्या मेणाच्या, देवमाशाच्या तेलापासून केलेल्या. इथं मी वाचताना थबकले, हे लपवत नाही. त्या काळच्या उजेडामागं किती जीव गेलेले होते! पुढं तो पॅराफिनचीही एक मेणबत्ती दाखवतो, जमिनीतून काढलेल्या पदार्थाची. आज आपण लाइट गेल्यावर लावतो ती त्याच जातीची, तेव्हा जिवाला जरा बरं वाटलं. एक मेणबत्ती तर समुद्रात बुडालेल्या रॉयल जॉर्ज या जहाजातून वर काढलेली होती. ५७ वर्षं खाऱ्या पाण्यात राहिलेली. त्यानं ती मुलांसमोर पेटवली आणि ती नीट जळली.

मग तो विचारतो, मेण वर ज्योतीपर्यंत चढतं कसं? वात पाणी शोषणाऱ्या कापडासारखी मेण शोषते. ज्योतीच्या मध्ये काय आहे? तो एक वाकडी काचेची नळी ज्योतीच्या पोटात घालतो, त्यातून वाफ बाहेर येते, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला काडी लावली की तिथं दुसरी ज्योत पेटते. म्हणजे जळते ती मेणाची वाफ. मग तो गार भांडं ज्योतीवर धरतो, त्यावर पाण्याचे थेंब जमतात. आगीतून पाणी! मग त्या ज्योतीतून निघणारा वायू चुन्याच्या निवळीत सोडतो, ती दुधाळ होते. आणि मग शेवटच्या व्याख्यानात आपला श्वास त्याच निवळीत सोडतो. तीही दुधाळ होते. म्हणजे मेणबत्ती जळते आणि आपण जगतो, यात आतून एकच व्यवहार चालू असतो. बाहेरची हवा घ्यायची, आतलं इंधन जाळायचं, ऊब आणि तोच वायू बाहेर टाकायचा. सगळ्यात शेवटी तो मुलांना म्हणतो, की तुम्हीही भोवतालच्या लोकांना उजेड देणारे व्हा. साठी ओलांडलेल्या माणसाचं हे निरोपाचं बोलणं आहे, हे लक्षात घेऊन वाचलं की डोळे ओले होतात.

व्याख्यानं पुढं चालूच राहिली. दुसऱ्या महायुद्धात १९३९ ते १९४२ एवढाच खंड पडला. १९३६ साली टीव्ही अगदी तान्हा असताना बीबीसीनं ती पहिल्यांदा दाखवली, आणि १९६६ सालापासून ती दरवर्षी नेमानं टीव्हीवर येऊ लागली. त्या साली एरिक लेथवेट नावाचे इंजिनियर बोलले होते. इथं एक मोठा बदल झाला, तो आपण बायकांनी ध्यानात घ्यावा असा आहे. त्या सभागृहात माणसं मावतात सुमारे चारशे. तिकीट परवडणारी, लंडनमध्ये राहणारी, संध्याकाळी घराबाहेर पडू शकणारी. टीव्हीनं ते सभागृह स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवलं. भांडी घासता घासता, बाळ मांडीवर घेऊन ऐकता यायला लागलं. १९७३ साली डेव्हिड ॲटनबरो प्राण्यांच्या भाषेवर बोलले. १९७७ साली अमेरिकेहून कार्ल सेगन आले आणि ग्रहांवर बोलले. मोठमोठी माणसं. पण ऐकणाऱ्या लाखो बायकांच्या समोर पडद्यावर उभा माणूस पुरुषच.

बायका त्या विषयात नव्हत्या म्हणून असं झालं, असं कुणी म्हणेल. तर कॅथलीन लॉन्सडेलचं उदाहरण घ्या. आयर्लंडमध्ये १९०३ साली जन्मली, दहा भावंडांतली धाकटी. लंडनच्या पदवी परीक्षेत अशी चमकली, की सर विल्यम ब्रॅग यांनी तिला आपल्या हाताखाली घेतलं, आणि १९२३ साली ते तिला घेऊन याच रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आले. क्ष-किरणांनी स्फटिकाच्या आत अणू कसे बसलेत हे शोधायचं काम. बेंझीनच्या रेणूतलं अणूंचं कडं सपाट असतं, हे तिनं १९२९ साली सिद्ध केलं. पुढं तीन मुलं झाली. घरात मुलं सांभाळत ती कागदावर आकडेमोड करायची. ब्रॅग यांनी संस्थेकडून तिला घरकामाला बाई ठेवता येईल एवढ्या पैशाची सोय करून दिली, तेव्हा ती प्रयोगशाळेत परत आली. १९४५ साली रॉयल सोसायटीनं पहिल्यांदा दोन बायकांना सभासद करून घेतलं, त्यांतली एक ती. त्याच वास्तूत तिनं वर्षानुवर्षं काम केलं. पण नाताळच्या व्याख्यानाला त्या टेबलामागं ती कधी उभी राहिली नाही.

तिला कुणी अडवलं होतं का, हे विचारण्यात अर्थ नाही. अडवायला लागतच नाही. नावं सुचवणारे आपल्याला माहीत असलेली नावं सुचवतात, ती पुरुषांची असतात, दरवर्षी एकच माणूस लागतो, आणि वर्षं निघून जातात. आपल्याकडं काही वेगळं झालं का? पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं १८७५ साली वसंत व्याख्यानमालेची परंपरा सुरू झाली, लंडननंतर बरोबर पन्नास वर्षांनी. त्यांच्याच घरात रमाबाई रानडे पंडिता रमाबाईंना ऐकायला जायच्या, तर घरातल्या बायका त्यांना किती टाकून बोलायच्या, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. तिथं नुसतं ऐकणंसुद्धा गुन्हा होता. आणि बोल लावणाऱ्या बायकाच होत्या, हे विसरू नये.

१९९४ साली सुसान ग्रीनफिल्ड उभ्या राहिल्या. विषय मेंदू. त्यानंतरही लगेच रांग लागली नाही. दुसरी बाई यायला चार वर्षं गेली, १९९८ साली नॅन्सी रॉथवेल. मग २००३ साली मोनिका ग्रेडी, २००९ साली सू हार्टली. पण २०१३ पासून बघा. ॲलिसन वूलार्ड, डॅनिएल जॉर्ज, सोफी स्कॉट, ॲलिस रॉबर्ट्स, हॅना फ्राय, सू ब्लॅक. आता बाई उभी राहिली तर त्याची बातमी होत नाही. माझ्या नातीला तर त्यात काही विशेष वाटलंच नव्हतं. तिनं मला तो कार्यक्रम दाखवला तो इमारतीवरच्या खेळासाठी. बाई दिसली ती मला.

आता शेवटी घरचं सांगते. हे सगळं वाचून झाल्यावर आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत नेहमीसारखा विषय निघाला, की यंदा व्याख्यानाला बाहेरून कुणाला बोलवायचं. मी म्हणाले, दर महिन्याला आपल्यातलीच एक बोलेल, फक्त पंधरा मिनिटं. झालं, सगळ्या एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या. "अक्का, तुम्हीच सुरू करा की." स्वतःच्या तोंडानं बोलून बसले होते, सुटका कुठली.

मी मेणबत्ती घेऊन गेले. तोंड कोरडं पडलं होतं, गुडघे लटपटत होते. सत्तर वर्षं ऐकण्यात गेली, माइकसमोर एकदाही नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या मैत्रिणीच्या हातात मी एक पुठ्ठा देऊन ठेवला होता, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'सावकाश'. तिनं तो पंधरा मिनिटांत चार वेळा वर धरला. जेन मार्सेटची गोष्ट सांगितली. मेणबत्ती फुंकरीनं विझवली, वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला लांबूनच पेटती काडी लावली आणि ज्योत धुरावरून उतरून वातीवर परत आली. हाही फॅरेडेचाच प्रयोग. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकूंनी हात वर केला. त्या इतकी वर्षं बैठकीला येतात, पण प्रश्न विचारलेला मला आठवत नाही. म्हणाल्या, "मेण वातीतनं चढतंय म्हणालीस. मग तेलाच्या समईत वात मोठी केली की काजळी का धरते?"

मला उत्तर देता आलं. वात मोठी झाली की तेलाची वाफ जास्त होते, तेवढी पुरती जळायला हवा पुरत नाही, न जळलेला कोळसा वर जातो, तीच काजळी. काकूंनी मान डोलावली.

निघताना एक बाई जवळ आली. गेली वीस वर्षं ती घरी पापड करून विकते. हळूच म्हणाली, "पापडखार घातल्यावर पीठ पिवळं का पडतंय, ते मला ठाऊक आहे. पुढच्या महिन्यात मी बोलले तर चालेल काय?"

मी तिचं नाव वहीत लिहून घेतलं. आणि तो पुठ्ठा तिच्या हातात दिला.